कडेची खुर्ची

रेडकरांचा हिशेब सरळ होता: साहाय्यक अभिनेत्याच्या पुरस्काराची बाहुली मिळाली, की निर्माते जाधव नव्या ऐतिहासिक चित्रपटात सेनापतीची भूमिका देणारच. पण पुरस्कार सोहळ्यात विजेत्याला कडेच्या खुर्चीवर बसवतात, म्हणजे त्याला पटकन मंचावर जाता येतं. आणि आज तिथे नामांकन मिळालेला दुसरा नट, सुहास खांबेटे, बसला होता.

पाकिटातलं नाव खुर्ची बघून बदलत नाही, हे रेडकरांना कळत होतं. पण मन ऐकेल तर शपथ!

“सुहास, गुडघा फार आखडलाय रे. मी बसू का कडेला?”

“विचारता काय दादा! या की.”

नाव खांबेटेचंच निघालं. बाहुली उंचावत तो म्हणाला, “दादांचा गुडघा ठणकतोय, तरी बघा कसे उभे राहून टाळ्या वाजवतायत!” सभागृह हेलावलं.

पुढच्या रांगेतले जाधव मागे वळून हळहळले. “आधी सांगायचं ना, रेडकर! सेनापती दिवसभर घोड्यावर असतो. बाहुली मिळो न मिळो, मी तुम्हालाच घेणार होतो. आता खांबेटेला विचारतो.”

बाहुली खांबेटेला मिळाली, घोडाही त्यालाच. रेडकरांकडे कडेची खुर्ची राहिली, तीही सोहळा संपेपर्यंत.