दहावं डोकं

दर दहाव्या गिऱ्हाइकाचे केस काका फुकट कापायचे. "हे डोकं देवाच्या दशांशातलं," म्हणत ठेवणीतला पांढरा टॉवेल काढायचे आणि चर्चमधलं गाणं गुणगुणत कात्री चालवायचे. समोर चकचकीत सलून उघडल्यापासून दहा डोकी जमायला आठवडा लागायचा, तरी नेम मोडला नाही. आज दहावा म्हणून खुर्चीत येऊन बसला तो समोरचाच सलूनवाला. स्वतःचे केस स्वतःला थोडेच कापता येतात. काकूंचा जळफळाट झाला. "नववा म्हणा, दुप्पट घ्या," त्या कुजबुजल्या. काका हसले. "देवानं मला देताना कधी तोंड बघितलं?" पांढरा टॉवेल निघाला, गाणंही अख्खं झालं. सलूनवाल्यानं पाकीट काढताच काकूच म्हणाल्या, "राहू दे. दहावं डोकं देवाचं." तो काकांच्या मानेवर रुळणारे केस बघत राहिला. मग टॉवेल झटकून, कात्री उचलत म्हणाला, "बसा काका. दहाव्या डोक्याची वाट कशाला बघायची?"