चष्मेवाले प्यो

अंधारातून खोकला आला आणि हानबिन खुर्चीत ताठ झाला. आधी दोनदा खाकरणं, मग एक सुस्कारा. असं खोकणारा माणूस जगात एकच होता आणि तो हानबिनचा बाप होता.

डोळे उघडायला बंदी होती. बुबुळांवरून लेझर फिरून अर्धा तासही झाला नव्हता. स्वतःचंच काहीतरी जळाल्याचा वास अजून नाकात होता. नर्सने त्याला या काळोख्या खोलीत आणून बसवलं होतं आणि डोळ्यांवर भोकाभोकांच्या वाट्या चिकटवल्या होत्या.

म्हणजे बाबा मागावर आलेच.

कोरियातल्या देगू शहरात प्यो घराण्याचं चष्म्यांचं दुकान आजोबांपासूनचं. घरातल्या प्रत्येकाला चष्मा होता, आणि ज्याला उशिरा लागला त्याच्याबद्दल थोडी शंकाच घेतली जाई. धाकट्या काकाने लेझर करून घेतलं, तेव्हापासून पितरांच्या पूजेला त्याला दाराशी, जोड्यांजवळ बसवतात. हानबिन एकुलता एक. दुकान त्याच्याच गळ्यात पडणार होतं. त्याला मात्र अग्निशमन दलात जायचं होतं. तिथे धुरात आधी चष्मा आंधळा होतो, मग माणूस.

म्हणून त्याने सगळं जपून केलं होतं. देगूतले डोळ्यांचे सगळे डॉक्टर दुकानाच्या ओळखीचे, म्हणून बुसान शहर. स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिलाच दिसला, म्हणून हा दवाखाना. दुकान महिन्यातून एकच दिवस बंद, म्हणून आज.

पण बाबांना वास लागला होता. काल जेवताना त्यांनी सोजूची बाटली काढली. शस्त्रक्रियेआधी दारू चालत नाही, आणि वडिलांनी भरलेला पेला नाकारणंही चालत नाही. हानबिनने मोठ्यांसमोर पिण्याच्या रीतीप्रमाणे तोंड बाजूला वळवलं आणि पेला आंबवलेल्या कोबीच्या, किमचीच्या वाडग्यात रिकामा केला. मान वर करून बघतो तर बाबांचा पेला तसाच भरलेला, आणि बाबा त्याच्याकडे टक लावून बसलेले.

"पी की अजून."

"तुम्ही घ्या ना आधी, बाबा."

"मी घेतोच आहे."

कोणीच घेतली नाही. किमची तेवढी झिंगली.

सकाळी बाबा म्हणाले, शाळासोबत्याचे वडील गेले, मयताला जाऊन येतो. सूट काळा होता, पण मोजा अंगठ्यापाशी फाटलेला. मयताच्या ठिकाणी जोडे काढून जमिनीपर्यंत वाकावं लागतं. रीतीला इतका पक्का माणूस फाटक्या मोज्यात वाकणार? हानबिन म्हणाला, मी डोंगर चढायला जातो. कुठला डोंगर, हेही बाबांनी विचारलं नाही. हे तर सगळ्यात संशयास्पद होतं.

"अहो शेजारचे," अंधारातून बाबांचा आवाज आला. "तुम्हालाही जळका वास आला का हो?"

सापळा! पेशंटचं सोंग घेऊन कबुलीजबाब काढायचा बेत.

"हं," हानबिन आवाज घोगरा करून म्हणाला.

"वय काय तुमचं?"

"पन्नास." वडिलांची बरोबरी करायची ही त्याची पहिलीच वेळ.

"अरे वा, माझ्याच बरोबरीचे. तुम्ही कशापायी केलंत?"

"धुरापायी."

"मी वाफेपायी. सार्वजनिक न्हाणीघरात जातो ना आम्ही, मुलगा आणि मी, एकमेकांची पाठ घासायला. आत चष्म्यावर वाफ धरते, आणि काढला की मला खांबसुद्धा माणूस वाटतो. गेल्या हिवाळ्यात वीस मिनिटं घासली, जीव तोडून. शेवटी तो माणूस उठला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, 'उपकार झाले, पण आपण कोण?'"

हानबिनला तो दिवस आठवला. पलीकडच्या कोपऱ्यात तो तेव्हा भलत्याच एका आजोबांची पाठ घासत होता.

"मुलाला माहीत आहे का, तुम्ही इथे आलात ते?" त्याने घोगरेपणानेच विचारलं. सापळ्याची खोली बघायला.

"छे! कळता कामा नये त्याला. त्याचा जीव आहे हो दुकानात. शाळेतून आला की दप्तरासकट काउंटरमागे. नाहीतर मी केव्हाच विकून मोकळा झालो असतो. मला चष्म्यांचा वीट आलाय. स्वप्नातसुद्धा गिऱ्हाइकांचे कान दिसतात. पण पोरगं खचेल. त्याच्यासाठी ओढतोय."

हानबिनचं तोंड उघडंच राहिलं. एवढा खोल सापळा कोणी खणत नाही.

तेवढ्यात दार वाजलं. "प्यो साहेब," नर्स म्हणाली, "तुम्हाला न्यायला कोण आलंय? एकट्याला सोडता येत नाही."

"मी एकटाच जाईन," दोघं एकदमच म्हणाले. घाईत हानबिनचा आवाज चोवीस वर्षांचाच निघाला.

"दोघंही प्यो?" असं म्हणत नर्स कागद बघायला परत गेली.

मग बाबांनी, दुकानात विचारतात तसं, हळूच विचारलं, "नंबर डावा साडेसहा, उजवा पावणेसात?"

"हो, बाबा."

"धूर म्हणजे?"

"अग्निशमन दल. लेखी परीक्षा पास झालोय." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "आणि शाळेतून येऊन मी काउंटरमागे बसायचो, ते तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून. मला चष्म्यांची काही ओढ नाही."

शेजारची खुर्ची करकरली. एक हात अंधारात चाचपडत आला, आधी हानबिनच्या कानाला लागला, मग खांद्यावर थांबला.

"मग रोज सकाळी ते शटर," बाबा म्हणाले, "आपण कुणासाठी वर करत होतो रे?"