दोन मुठींची होडी

एकाने यंत्राची डावी मूठ धरायची, दुसऱ्याने उजवी, आणि मोकळे हात एकमेकांत गुंफायचे. तेव्हाच अंगातून विजेची जोडणी पूर्ण होऊन पडद्यावरची होडी चालायची. नवरा-बायकोने जिवाचं रान करून बनवलेला हा व्हिडिओ गेम कंपनीच्या साहेबांनी बाजारात येण्याआधीच रद्द केला. "गेम पार्लरमध्ये परक्याचा हात कोण धरणार? एकट्याला खेळता आलं पाहिजे." खापर एकमेकांच्या माथी फोडता फोडता संसारही मोडला. आज घरातल्या सामानाच्या वाटण्या होत्या. "हे धूड कुणाला?" नवऱ्याने गेमच्या यंत्राकडे बोट दाखवून विचारलं. "भंगारवाल्याला," बायको बॅग भरत म्हणाली. शेवटचं बघावं म्हणून त्याने यंत्र सुरू केलं, सवयीने डावी मूठ धरली. मोकळ्या हाताला धरायला कुणी नव्हतं, तो उजव्या मुठीवर टेकला. होडी न डगमगता चालू लागली. एकट्याने खेळून बघणं दोघांनाही कधी सुचलंच नव्हतं. बायको मागून म्हणाली, "हे कुणाला सांगू नकोस."