शनिवारची फेरी

“एकट्याच आलात?” बुद्धघोष सरांनी विचारलं.

“व्हय. अजून कोण येणार हाय का?”

सरांनी रस्त्याकडे पाहिलं. कुणी येणार नव्हतं. इंदापुरातल्या वाचनालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही फेरी सुरू केली होती. दर शनिवारी, दिवेलागणीनंतर, गढीपासून जुन्या पेठेतून पायी. दिवसा फ्लेक्स आणि मोटारसायकलींमागे गाव दिसायचंच नाही. अंधारात बॅटरी मारली की तेवढी भिंत उरायची.

सुरुवातीला सातआठ जण यायचे. मग कुणीच येईना. सर एकटेच फिरायचे, भिंतींना माहिती सांगायचे. आजही कुणी आलं नसतं तर फेरी बंद करायची, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

आणि बारामतीहून एसटीनं आलेली ही दिशा समोर उभी होती. बँकेत नोकरी करणारी, पायांत चालायचे बूट घातलेली.

“ही परगण्याची पेठ,” सर म्हणाले. “म्हणजे, असं वाचलंय. माझं चुकतही असेल.”

“चुकू द्या की. सांगा तुमी.”

सरांना एकदम बरं वाटलं. त्यांनी पणतीचा काजळलेला कोनाडा दाखवला, दारावरचं झिजलेलं कमळ दाखवलं. दिशानं कोनाड्यात हात घालून बघितला. पुढच्या शनिवारी दर्ग्याकडून जाऊ, असं सरांच्या ओठांवर आलं होतं. विचारायचा धीर होईना.

“तुमचं घर हितनं लांब हाय?” तिनंच विचारलं.

“मागच्या आळीत.”

“स्वतःचं?”

“हो.”

“मुलंबाळं?”

“नाहीत. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली.”

“मंग सोबतीला कोण?”

“पुस्तकं,” सर म्हणाले आणि उगाच हसले.

बाजारतळावर चहाला थांबले. सर नळावर चूळ भरून परत येत होते, तेवढ्यात टपरीवाल्या रामभाऊचा आवाज कानावर आला.

“सर व्हय? एकटेच असत्यात. कोण येत न्हाय, कोण जात न्हाय. बोलायला बसले तर मात्र आमचं दूध उतू जातंय!”

“पैशाअडक्याचं?” दिशाचा आवाज.

“पेन्शन हाय की. का वो ताई?”

“सहज.”

सर वाटेतच थांबले. मागच्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीत एका बाईनं गोड बोलून एकट्या म्हातारीचं घर साफ केलं होतं. त्यांना भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. तासभर ते कमळं आणि कोनाडे दाखवत होते. ती भलतंच मोजत होती. आपलं ऐकायला कुणी बारामतीहून येईल, असं वाटलंच कसं?

पुढची पेठ त्यांनी भिंतींवर बॅटरी न मारताच झपाझप ओलांडली.

“सर, गप का झालात? ह्या दगडाचं काय?”

“काही नाही. दगड आहे.”

“दम लागतो का चालताना? बीपीची गोळी चालू हाय?”

आपल्या आळीच्या तोंडाशी सर थांबले. शर्टावरून खिशातली किल्ली चाचपली आणि हात तिथंच ठेवला. यापुढे फेरी नाही. भिंती बऱ्या. त्या निदान काही विचारत नाहीत.

“फेरी इथंच संपते,” ते म्हणाले. “स्टँड सरळ पुढे आहे.”

“आणि घर? तुमचं घर न्हाय दाखवणार?”

“कशाला बघायचंय माझं घर?” सरांनी खिसा घट्ट धरला. “चांगल्या घरच्या दिसता. एकट्या माणसाला असं फसवू नये.”

दिशा आधी गोंधळली. मग तोंडावर हात ठेवून हसू दाबत म्हणाली, “अवो सर, तुमच्या शेजारच्या अक्काबाईंनी माझ्या आईसाठी तुमचं स्थळ सुचवलंय. घर बघितल्याबिगर तिला जाऊन काय सांगू?”