पांढरं ठिगळ

टीव्ही लागला तसं धुळाप्पानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

म्हाळसाबाईनं दार लोटून घेतलं, खिडकीवर चादर टाकली. वर्षाराणीनं टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि वडलांच्या पाठीकडं बघत उभी राहिली. धाराशिवच्या कॉलेजात ती अ‍ॅनिमेशन शिकत होती. उद्या तिथल्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्या पोरांच्या फिल्म दाखवणार होते. तिची दाखवायची की नाही, ते या पाठीनं ठरवायचं होतं.

"आप्पा, घोंगडं तुमचं हाय," ती म्हणाली. "तुमी नगं म्हणलात तर मी फिल्म देणार न्हाय."

"माझं कुठलं? माझ्या बापाचं हुतं," धुळाप्पा भिंतीला म्हणाला. "आन् आता हाय कुठं ते? उसवून ठेवलंय सगळं."

खोटं नव्हतं ते. पोरीनं मागितलं आणि म्हाळसाबाईनं पेटीच्या तळातून काढून दिलं. कसर लागलेलं, कुणी अंगावर घेत नव्हतं. घरात मेंढरं असताना लोकरीसाठी बापाचं घोंगडंच गावलं का, असं धुळाप्पानं विचारलं, तर पोरगी म्हणाली, फिल्म बघा मग कळंल. तेव्हापासून त्यानं दोघींशी बोलणं टाकलं होतं. भाकरी वाढ म्हणायचं झालं तरी तो दारातल्या कुत्र्याला सांगायचा.

टीव्हीतून आवाज काहीच येईना. बिघडला असेल, असं धुळाप्पाला वाटलं. बिघडलेला टीव्ही बघायला हरकत नव्हती, म्हणून त्यानं मान वळवली.

पडद्यावर घोंगडं अंथरलेलं होतं. काळंभोर, तांबड्या काठाचं, मधोमध पांढरं ठिगळ. शेकोटीची ठिणगी उडून जळलं होतं तिथं. म्हाळसाबाई तेव्हा नवी नवरी होती, काळी लोकर सोडून पांढऱ्या लोकरीचं ठिगळ लावून बसली. सासरा पुढं कितीतरी दिवस तिला हसायचा, आणि तेच घोंगडं मिरवत गावभर फिरायचा.

धुळाप्पा आता पुरता वळून बसला. तेवढ्यात घोंगड्याच्या कोपऱ्यातला धागा सुटला. आपला आपणच. वळवळत बाजूला गेला, गोळा झाला, त्याला चार पाय फुटले. मेंढरू झालं आणि चालू लागलं. त्याच्यामागं दुसरा धागा सुटला, मग तिसरा. कुठं हात दिसेना की काठी.

"आपसूक कसं चालतंय हे?" धुळाप्पानं कुत्र्याला विचारलं.

"जरा सरकवायचं, फोटू काढायचा. परत जरा सरकवायचं, परत फोटू," वर्षाराणीनंही कुत्र्यालाच सांगितलं. "मग सगळे फोटू भराभरा पळवायचे."

कळप गोणपाटाच्या माळावर चढला. पलीकडं नदी होती, हिरव्यागार काचेची, लखलखणारी.

"अगं, माझ्या बांगड्या!" म्हाळसाबाई ओरडली.

"फुटक्याच हुत्या, आई."

मेंढरं नदीत उतरली आणि पार झाली. इकडं घोंगड्याच्या जागी पांढरं ठिगळ तेवढं उरलं होतं. तेही हललं, उठलं, त्याचं कोकरू झालं. लटपटत निघालं, दोनदा पडलं, नदीपर्यंत आलं आणि काठावरच थांबलं. कळप पुढं चालला होता. कोकरू तिसरीकडंच बघत होतं.

"हुर्रऽऽ ये ये येऽऽ!"

धुळाप्पाचा आवाज एवढा मोठा होता की खिडकीवरची चादर खाली आली. कोकरानं मान वळवली आणि टुणकन नदीत उडी घेतली. पोरीनं फिल्ममध्ये ते तसंच बसवलं होतं, पण धुळाप्पाला ते सांगणार कोण? बाहेर कुंपणाच्या वाड्यातली खरी मेंढरंही बें बें करून उठली. म्हाळसाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

मग कळप घरी आला. एकमेकांना खेटून बसला. पाय मिटले, धागे लांब झाले, एकात एक शिरले. घोंगडं पुन्हा अंथरलेलं होतं, काठासकट, मधोमध पांढरं ठिगळ.

धुळाप्पा उठून उभा राहिला. "परत विणलंस व्हय गं?" या खेपेला त्यानं थेट पोरीला विचारलं.

वर्षाराणीला हो म्हणावंसं वाटलं. "न्हाय आप्पा," ती म्हणाली. "उसवतानाचेच फोटू उलटे लावल्यात. घोंगडं न्हाय आता. मेंढरं तेवढी डब्यात हायती."

 धुळाप्पाला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पोरगी खोटं बोलली नाही, याचं बरंही वाटलं.

"मग देऊ का उद्या?"

"अशी मुकी मेंढरं घेऊन जाती व्हय चार माणसांत? लोक काय म्हणतील?"

ती क्षणभर गोंधळली. मग तिच्या ध्यानात आलं. तिनं घाईघाईनं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो वडलांच्या तोंडापुढं धरला. "मघाशी वरडलात तसं वरडा."

धुळाप्पानं घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. बायकोकडं बघून लाजला. आवाज काही निघेना.

"मेंढरू दिसल्याबिगर कसा निघंल?" तो वैतागला. "लाव पुन्यांदा."

घोंगडं पुन्हा अंथरलं गेलं. धुळाप्पा टीव्हीच्या पुढ्यात मांडी घालून बसला, एक हात तोंडाशी धरून. कोपऱ्यातला पहिला धागा सावकाश, अगदी आरामात सुटत होता.

"उसव गं लवकर," तो म्हणाला, "कोकरू यायचंय."