‘पाचवा मजला’चा एकमेव शो

चष्मेवाल्याने कॉफीत दुसऱ्यांदा साखर घातली, तेव्हा समोरची बाई हसली.

“मघाशी घातलीत की तुम्ही.”

“असू दे. मला गोडच लागते,” तो म्हणाला आणि तो पाक निमूटपणे प्यायला.

चोपन्नाव्या वर्षी लग्नासाठी कुणाला भेटायला जायचं म्हणजे साखरेचा हिशोब चुकणारच. त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. लेक पुढच्या महिन्यात नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली होती आणि जाण्याआधी बाबाचं काहीतरी मार्गी लावायचंच, असा तिने चंग बांधला होता. ही ओळख तिनेच काढलेली. छापखान्यात प्रुफं तपासणारी बाई, घटस्फोटाला दहा वर्षं झालेली. लेक दोन टेबलं सोडून पाठमोरी बसली होती. कान अर्थातच इकडे.

आणि गंमत म्हणजे, तासाभरात चष्मेवाल्याला ती बाई आवडली. अगदी मनापासून. चष्म्यांचं दुकान बंद करून रिकाम्या घराचं कुलूप काढायचा त्याला वीट आला होता. ही घरात असली तर हसेल, भांडेल, साखरेवरून बोलेल. काही करून हे जमायला हवं होतं.

“तुमचं पहिलं लग्न...” त्याने चाचरत विचारलं.

“माणूस वाईट नव्हता हो. मारझोड नाही, व्यसन नाही. पण मला बरं वाटावं म्हणून प्रत्येक गोष्टीत होला हो. मनातलं म्हणून कधी बोलला नाही. पंधरा वर्षं भिंतीशी संसार केला मी.” तिने हात झटकला. “जाऊ दे ते. तुमची लेक सांगत होती, तुम्ही ‘पाचवा मजला’चे भक्त म्हणे?”

चष्मेवाला एकदम खुलला. ‘पाचवा मजला’ म्हणजे या दोघांच्या पोरवयातला रॉक बँड. त्यांच्यापायी त्याने सोळाव्या वर्षी खांद्यापर्यंत केस वाढवले होते आणि त्यांच्यापायीच बापाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. जेवायला बसला की ताटावर ड्रम वाजवायचा. एकदा आमटी थेट काकांच्या शर्टावर.

“माझ्याकडे त्यांचं पोस्टर होतं,” ती म्हणाली. “आईने त्यावर कॅलेंडर टांगलं. गिटारवाल्याचे फक्त पाय दिसायचे. दोन वर्षं मी त्या पायांवर प्रेम केलं.”

तो इतका मोठ्याने हसला की लेकीने मागे वळून पाहिलं.

“आणि त्यांचा शो? पाहिलात कधी?” तिने विचारलं.

“गावात एकच तर ठरला होता त्यांचा, मोठ्या मैदानावर. तिकीट होतं माझ्याकडे. पण...”

“म्हणजे तुम्हीही तिथे!” ती टाळी वाजवून पुढे सरकली. “मी सतरा वर्षांची. काय ती गर्दी! गायकाचा घसा बसला होता, आठवतं? आणि तरी पठ्ठ्या तीन तास गायला!”

चष्मेवाल्याने रिकामा कप उगाच बशीत फिरवला.

“हो,” तो म्हणाला. “गायला खरा.”

“ड्रमवाल्याने काठी भिरकावली, ती माझ्या शेजारच्या मुलीच्या कपाळाला लागली. हे एवढं टेंगूळ! मी काही चुकत असेन तर सांगा हं. किती वर्षं झाली.”

“छे छे, अगदी बरोबर. लांबून पाहिलं मी ते टेंगूळ.”

दुकानात गिऱ्हाइकाने कुठलीही फ्रेम नाकावर चढवली, की तीस वर्षं तो ‘छान दिसतेय’ म्हणत आला होता. जिभेला वळणच पडलेलं. शिवाय तिचा चेहरा असा फुलला होता की तो उतरवायचं त्याच्या जिवावर आलं.

“शेवटचं गाणं कुठलं होतं हो?” तिने विचारलं. ती आता त्याच्याकडे रोखून पाहत होती. “नीट आठवा. मला काही केल्या आठवत नाही.”

“शेवटचं... तेच ते. सगळं मैदान गात होतं.”

“हो का,” ती म्हणाली, आणि उरलेली कॉफी संपवली.

निघताना तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझे बाबा फार सज्जन आहेत गं.” लेकीने तिच्या पाठीमागून बाबाला डोळा मारला. चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला.

गाडीत बसल्या बसल्या लेक सुरू झाली. “बाबा, लबाडा! त्या शोचं मला कधी बोलला नाहीस!”

“काय बोलणार, कपाळ? शो झालाच नाही.”

“म्हणजे?”

“गायकाचा घसा बसला. फाटकावर कागद चिकटवला होता, कार्यक्रम रद्द. आम्ही पोरं हातात तिकिटं धरून रडवेली उभी. परत ते कधी आलेच नाहीत.”

“अरे, मग ती एवढं सगळं...?”

“मारली असेल थाप मैत्रिणींना त्या वयात. आता तिलाच खरी वाटत असेल.” चष्मेवाल्याने गाडी रस्त्यावर घेतली. तो गालातल्या गालात हसत होता. “कशाला तोंडावर पाडायचं बिचारीला? मला आवडली गं ती. खूप आवडली. असल्या थापा जन्मभर ऐकून घेईन मी तिच्या.”

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. “ग्रेट आहेस तू बाबा.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मेसेज तिचाच होता.

“वाच वाच,” चष्मेवाला म्हणाला. “मोठ्याने वाच.”

लेक वाचू लागली. “‘माफ करा, आपण इथेच थांबू या. फाटकावरचा तो कागद मीही वाचला होता. शो झालाच नाही, हे तुम्ही सांगाल म्हणून मी आज शेवटच्या घोटापर्यंत वाट पाहिली.’”