फोटोत नसलेला तीळ

"मॅडम, तुम्हाला मुलं आहेत का?"

प्रश्न विचारून झाला आणि भिंगरीचे कान लाल झाले. शेजारी बसलेल्या टाचणीने तोंडात रुमाल कोंबला. हिंमत असेल तर विचारून दाखव, अशी पैज तिनेच लावली होती. गेल्या वर्षापर्यंत हजेरीलाही पुटपुटणाऱ्या भिंगरीला यंदा हिंमत कमी पडत नव्हती.

चित्रकलेच्या मॅडम या वर्षीच शाळेत आल्या होत्या. फळ्यावर लांब पट्टी धरून त्या चौकोन आखत होत्या. हात थांबला नाही.

"एक मुलगी आहे. प्रश्न फार विचारते," त्या म्हणाल्या. "तुझी पट्टी हलली आहे, बघ."

वर्ग खो-खो हसला. सगळ्यांत जोरात भिंगरी.

मॅडमनी एका जुन्या फोटोची मोठी झेरॉक्स काढून तिचे चौकोन कापले होते. प्रत्येकाला एकच चौकोन, तोही उलटा. तो मोठा करून कागदावर काढायचा. चेहरा कोणाचा, ते मात्र सांगणार नव्हत्या.

"नाक, कान असं काही मनात आणू नका. रेघ चौकोनाच्या कडेला कुठे लागते, तेवढं बघा. माहीत आहे ते काढायचं नाही. दिसतंय ते काढायचं."

हाच चेहरा पुढे व्हरांड्यातल्या भिंतीवर रंगवायचा होता. ज्याचा चौकोन सगळ्यांत चांगला, त्याला त्या चेहऱ्याचे डोळे रंगवायला मिळणार होते. भिंगरीला ते डोळे हवे होते. जेवताना ताटातसुद्धा ती बोटाने चौकोन आखायची.

"मुख्याध्यापक असतील," पुढच्या बाकावरचा चष्मेवाला म्हणाला.

"एवढे केस त्यांना कुठून येणार?" टाचणी म्हणाली. मग तिची नजर भिंगरीच्या डोक्यावर गेली. "केसांवरून आठवलं. तुझे केस रोज सकाळी असे चपटे कसे गं? इस्त्री फिरवतेस की काय?"

"उशी कडक आहे."

"आणि रोज उशीर. मॅडमची स्कूटर गेटातून आत शिरली, की मागून धापा टाकत तू. एकदा तरी त्यांच्या आधी ये."

"पाय आखूड आहेत माझे," भिंगरी म्हणाली आणि पेन्सिलीला ब्लेडने टोक काढू लागली.

तिच्या वाट्याला कानाची पाळी आणि खालचा थोडासा जबडा आला होता. उलट्या चौकोनात तो नुसता करडा डाग दिसत होता. तिने तो झरझर उतरवला. छाया इतकी मऊ जमली की टाचणीसुद्धा वाकून बघत राहिली.

मॅडम बाकापाशी थांबल्या.

"हा ठिपका कसला?"

"तीळ आहे, मॅडम."

"तुझ्या चौकोनात दिसतोय?"

भिंगरीने चौकोन डोळ्यांजवळ नेला. फोटो उन्हात काढलेला होता. त्या जागी नुसता पांढरा उजेड होता.

"नाही."

"मग आला कुठून?"

"चुकून पडला."

मॅडम तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "नवा कागद घे. पुन्हा काढ."

"सगळं?"

"सगळं."

त्या पुढे गेल्यावर टाचणी कुजबुजली, "तुझ्यावर खुन्नस आहे बाई त्यांची. काल माझी शाई सांडली, तर नुसत्या हसल्या. तुला कधी एकदा तरी छान म्हणाल्यात?"

"नाही म्हणू देत. डोळे मीच रंगवणार."

दुसऱ्यांदा तिने कान काढला नाही, गाल काढला नाही. नुसत्या रेघा काढल्या. कडेपासून कडेपर्यंत.

निवडीच्या दिवशी मॅडमनी हात झटकले. "मला तुमच्या सगळ्यांच्या रेघा ओळखू येतात. मी निवडणार नाही." त्यांनी नावं न घालता चौकोन फळ्यावर लावले आणि शेजारच्या वर्गाला मत द्यायला बोलावलं.

भिंगरीचा चौकोन जिंकला. तिने अशी किंकाळी फोडली की शिपाईकाका धावत आले.

मग सगळे चौकोन जोडले. एक तरुण माणूस तोंडभर हसत होता. चष्मेवाल्याने चौकोन चुकीच्या बाजूने मोजल्यामुळे चित्रातल्या माणसाची एक भुवई पार कपाळावर चढली होती, पण उलट तो आणखीच खुशीत दिसत होता.

"कोण आहे हा, मॅडम?"

"माझ्या ओळखीतले एक गृहस्थ," मॅडम म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या.

टाचणीने भिंगरीला कडकडून मिठी मारली, चिमटाही काढला. "आता खरं सांग. तुला तीळ कुठून सुचला?"

"उद्या सांगते. नक्की."

संध्याकाळी बाबांनी दार उघडलं. भिंगरीने दप्तर खुर्चीवर भिरकावलं आणि कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "मी जिंकले. शेजारच्या वर्गाने निवडलंय, त्यामुळे वशिला होता असं म्हणायची कोणाला सोय नाही. आता आपलं ठरलेलं मोडलं."

बाबा कानाखालचा तीळ खाजवत हसले. "मोडलं म्हणजे?"

"म्हणजे उद्यापासून मी अलीकडच्या कोपऱ्यावर उतरणार नाही," असं म्हणत भिंगरी दाराकडे वळली. तिथे मॅडम हेल्मेट काढत होत्या. "आई, स्कूटर थेट गेटातून आत न्यायची. मी मागे बसलेली असणार."